मार्लनचे तीन क्रेडिट

"हा कोर्स आमच्या कोर्सच्या बरोबरीचा नाही," डॉ. हार्डिंग म्हणाले.

"तुम्ही पाहिलात का तो?" मी विचारलं.

"ऑनलाइन आहे. पाहायचं काय त्यात? क्लिक करत जायचं, शेवटी सर्टिफिकेट."

त्यांनी स्क्रीनवर 'डिनाइड' केलं आणि फाइल माझ्याकडे परत आली.

मी अमेरिकेत ॲन आर्बरजवळच्या एका कॉलेजात ट्रान्सफर क्रेडिट इव्हॅल्युएटर आहे. नाव जड आहे, काम सोपं. विद्यार्थ्याने दुसरीकडे केलेला कोर्स आमच्या डिग्रीत धरायचा की नाही, ते मी तपासते. इथे डिग्री म्हणजे क्रेडिटची बेरीज. एका कोर्सचे साधारण तीन. मंजूर यादीतले कोर्स मीच चढवते. यादीबाहेरचा आला की विभागप्रमुखाला विचारावं लागतं. क्रिमिनल जस्टिसचे, म्हणजे पोलीस, कोर्ट आणि तुरुंग यांच्या अभ्यासाचे, विभागप्रमुख हार्डिंग.

फाइल मार्लनची होती. वय चव्वेचाळीस, काउंटी जेलमध्ये गार्ड. नऊ वर्षं एकेक कोर्स करत तो डिग्रीच्या टोकाला आला होता. प्रोबेशन ऑफिसरची नोकरी त्याला देऊ केली होती, पण मेपर्यंत डिग्री हवी. राहिला होता तो नेमका विषयाची ओळख करून देणारा पहिलाच कोर्स. आमच्याकडे तो दिवसा शिकवतात आणि मार्लनची ड्यूटी दिवसाची. म्हणून त्याने बाहेरच्या संस्थेचा ऑनलाइन कोर्स केला होता.

"मिस विद्या, पुन्हा करावा लागला तर करीन," तो फोनवर म्हणाला. "पण पुढचा वर्ग सप्टेंबरमध्ये. तोवर ती जागा माझ्यासाठी थांबणार नाही."

आवाज चढवला नाही त्याने. त्यामुळे मला जास्त लागलं.

मी माझी बॉस करेन हिच्याकडे गेले. ती म्हणाली, "विभागाने नाही म्हटलं की नाही."

"नकाराचं कारण लेखी हवं, असं आपल्याच पॉलिसीत आहे. 'ऑनलाइन आहे' हे काही कारण होत नाही."

"मग तुलना करून पाठव."

दोन्ही सिलॅबस शेजारी ठेवून मी तक्ता केला. जवळजवळ सगळे धडे जुळत होते. हार्डिंगचं उत्तर आलं: "सिलॅबस म्हणजे मेनू कार्ड. जेवण कसं आहे ते त्यावरून कळत नाही. आमची मुलं कोर्टात जाऊन बसतात आणि त्यावर पेपर लिहितात."

मुद्दा चुकीचा नव्हता. तेव्हा म्हटलं, जेवूनच बघू. करेनला सांगून मी त्याच कोर्सला माझं नाव घातलं.

"ऑफिसच्या वेळात नाही हं," एवढंच ती म्हणाली.

लंच ब्रेकमध्ये आणि शनिवारी सकाळी लायब्ररीत बसून अभ्यास सुरू केला. पहिल्या क्विझला साठ मार्क. प्रोबेशन आणि परोल मी एकच समजत होते. प्रोबेशन म्हणजे तुरुंगाऐवजी बाहेरच देखरेखीखाली राहणं. परोल म्हणजे थोडी शिक्षा तुरुंगात भोगून मग देखरेखीखाली सुटणं. मुलीने स्कोअर पाहिला. "आई, यू गॉट अ सिक्स्टी?" एरवी हा प्रश्न मी तिला विचारते.

मिडटर्म घरून होती, पण कॅमेऱ्यासमोर. आधी लॅपटॉप फिरवून सगळी खोली दाखवायची, टेबलाखालीसुद्धा. मधेच माझा नवरा संजय चहा घेऊन आत आला. लॅपटॉपमधून पर्यवेक्षकाचा आवाज आला, "त्या व्यक्तीला बाहेर जायला सांगा." संजय कपासकट मागे फिरला. क्लिक करत जायचं, म्हणे!

मग आली फील्ड असाइनमेंट. सिलॅबसमध्ये एवढेच दोन शब्द होते, म्हणून मी तक्त्यात त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. उघडून पाहिलं तर कोर्टात जाऊन कामकाज पाहायचं होतं आणि त्यावर पेपर लिहायचा होता. सुट्टी काढून डिस्ट्रिक्ट कोर्टात गेले. एका मुलाला जजने विचारलं, "तुझे हक्क समजले का?" त्याने मान हलवली. जज म्हणाल्या, "तोंडाने सांग. मान हलवलेली रेकॉर्डवर येत नाही." तो अगदी हळू "येस" म्हणाला.

मी भरभरून पेपर लिहिला. इन्स्ट्रक्टरने परत पाठवला. "तुम्हाला काय वाटलं ते लिहिलंय. काय पाहिलं ते लिहा." पुन्हा लिहिला. पुन्हा दुरुस्त्या आल्या. तिसऱ्यांदा पास झाला.

एप्रिलच्या सुरुवातीला फायनल झाली. चौऱ्याऐंशी मार्क. त्याच आठवड्यात मी पेपरचे तिन्ही खर्डे, इन्स्ट्रक्टरचे शेरे आणि रिझल्ट घेऊन हार्डिंगच्या ऑफिसात गेले.

"हे कुणाचं?"

"माझं. मी जेवून आले."

ते हसले नाहीत. चष्मा लावून वाचायला लागले. बराच वेळ वाचत होते. दुसऱ्या खर्ड्यावरचा एक शेरा त्यांनी पुन्हा वाचला. मग एकदम मान वर केली.

"प्रिलिमिनरी हिअरिंग कशासाठी असतं?"

तोंडी परीक्षाच होती ती. मी म्हटलं, "खटला पुढे न्यायच्या आधी सरकारी वकिलाला जजपुढे पुरेसा पुरावा दाखवावा लागतो. नुसत्या संशयावर माणसाला खटल्यात ओढू नये म्हणून."

त्यांनी चष्मा काढला. "हा टोमणा मला होता का?"

"नाही, सर. धडा सहावा."

आता मात्र ते हसले. "माझी मुलं एकच खर्डा देतात," असं पुटपुटत त्यांनी कीबोर्ड ओढला आणि माझ्यासमोर 'अप्रूव्हड' केलं. वर स्वतःहून तो कोर्स मंजूर यादीत घातला. आता तो करून येणाऱ्या कुणालाच त्यांच्या दारात जावं लागत नाही.

मी जिन्यातूनच मार्लनला फोन लावला. तो म्हणाला, "मिस विद्या, एकदा परत सांगा." मी परत सांगितलं. मेमध्ये त्याने डिग्री घेतली आणि जूनमध्ये तो प्रोबेशन ऑफिसर झाला.

'हो' म्हणण्याआधी आमच्या ऑफिसात सगळेच कागद तपासतात. 'नाही' म्हणण्याआधीही तेवढेच तपासावे लागतात, हे मला नोकरीच्या अकराव्या वर्षी कळलं, तेही चौऱ्याऐंशी मार्कांनी.