दादाची चाल आणि बर्फाची लादी

माझा थोरला भाऊ बोटीवर नोकरीला होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तो सुट्टीवर रत्नागिरीला आला तेव्हा पाय फाकवून चालत होता. यात कुणालाही काही वावगे वाटले नाही. आमचे घर मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला. त्या वस्तीतले निम्मे पुरुष तसेच चालत. बोटीवरून उतरलेल्या माणसाला जमीन लागायला आठवडा-पंधरवडा जातो, असा सर्वमान्य समज होता. पंधरवडा गेला, महिना गेला, तरी दादाला जमीन लागेना. त्याच्या डाव्या चपलेचे टोक मात्र झिजून गेले, कारण तो पाय उचलला जात नव्हता, ओढला जात होता.

"मोठी बोट असणार," शेजारचे काका म्हणाले. "जेवढी बोट मोठी, तेवढा वेळ लागतो."

हे खरे नव्हे. मोठी बोट कमी हलते. दादाने मात्र काकांचे म्हणणे खोडून काढले नाही. त्याला ते कारण सोयीचे होते.

शेवटी वहिनीने त्याला मुंबईच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत बॅटरीचा झोत टाकला आणि डोळे मिटून उभे राहायला सांगितले. दादाने डोळे मिटले आणि तो थेट खुर्चीत पडला. आजाराचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूकडून पायांकडे निरोप नेणाऱ्या नसांचे आवरण जागोजागी खराब होते, त्यामुळे निरोप उशिरा पोचतो किंवा अर्धाच पोचतो. मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होतो. आमच्याकडे मुंबईच्या बातम्या ट्रंककॉलवरून येत. अर्धा निरोप म्हणजे काय, हे मला समजावून घ्यावे लागले नाही. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या सहकाऱ्याने आजाराचे नाव विचारले, ऐकले आणि म्हणाला, "दोन कॉलमांत नाही बसायचं."

डॉक्टरांनी उन्हात फिरू नका, दमू नका, असे सांगितले होते. बोटीवर परत जायचा प्रश्नच राहिला नाही. दादाला उरले ते बंदर. सकाळी मासळीचा लिलाव बघायचा, चार ओळखीच्या खलाशांशी बोलायचे आणि घरची मासळी घेऊन यायचे, एवढाच त्याचा दिवस होता. मलाही पेपरासाठी मासळीचे भाव आणायला जावे लागे, म्हणून आम्ही बरोबर निघायचो.

घरापासून बंदरापर्यंत पाखाडी उतरते. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या दगडांची पायऱ्यापायऱ्यांची वाट. तिच्यावरून दादा कसा उतरे, ते सांगण्यासारखे आहे. नजर पायांवर. एक हात गडग्यावर, म्हणजे कडेच्या दगडी बांधावर. डावा पाय कमरेतून बाहेर फिरवून पुढे आणायचा, टेकला की उजवा. चालणे आणि बोलणे ही दोन कामे त्याला एकाच वेळी जमत नसत. आमच्याकडे वाटेत भेटणारा प्रत्येक जण "काय, कुठे चाललात?" असे विचारतो आणि चालता चालता "हे काय, इथेच" म्हटले की भागते. दादा मात्र प्रत्येकासाठी थांबे, मान वर करी, सविस्तर उत्तर देई आणि मगच पुढचे पाऊल टाकी. वस्तीत त्याची ख्याती झाली. बोटीवर राहून माणूस किती रीतीचा झाला, असे बायका एकमेकींना सांगत.

तरीही तो पडे. पडण्याची जागा ठरलेली होती: पाखाडीच्या मध्यावरचे वळण. वळताना त्याचे पाय एकमेकांत अडकत. घरी आल्यावर कोपर खरचटलेले दिसले की संवाद ठरलेला असे.

"पडलात?"

"पडलो नाही. बसलो."

"बसणारा माणूस आधी जागा बघतो," वहिनी म्हणे.

तिने आपल्या परीने उपाय योजले होते. वळणावरच्या जागेवाल्याचे, म्हणजे तिथल्या राखणदाराचे, काहीतरी राहून गेले असेल म्हणून तिथे नारळ ठेवला. दादाचे तळलेले बंद करून त्याला दोन वेळा पेज सुरू केली. सर्वांत मोठा उपाय न्हाणीत होता. उन्हाच्या आत बंदरावर पोचायचे म्हणून ती पहाटे उठून निगडीचा पाला पाण्यात उकळी आणि ते कढत पाणी त्याच्या पायांवर तांब्या-तांब्याने ओती. दुखऱ्या पायाला शेक द्यायचा, हे कोकणात कुणी कुणाला शिकवत नाही. दादा न्हाणीतून लालबुंद होऊन बाहेर येई आणि लगेच पाखाडी उतरायला लागे.

एका सकाळी तो वळणावर पडला तो पाण्याचा हंडा घेतलेल्या शेजारणीच्या पुढ्यात. हंडा वाचला, पण बातमी आमच्या आधी घरी पोचली.

"ऐका," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून आम्ही दोघेही ऐकू लागलो. "आता बाहेर एकदा जरी पडलात, तर बंदर बंद. पडवीत बसायचं आणि रस्ता बघायचा. हाड मोडलं तर उचलणार कोण? भावजी? त्यांना पेपराचा गठ्ठा उचलत नाही."

माझ्याबद्दलचा तपशील बरोबर होता. त्या दिवशी दादाने पेजही मागून घेतली नाही.

दुसऱ्या दिवसापासून वळण आले की मी खालच्या पायरीवर उभा राहू लागलो आणि तो माझ्या खांद्यावर हात टाकून वळू लागला. तसे निभत होते, पण कसेबसे. बंदरावर पोचेपर्यंत त्याच्या मांड्या थरथरू लागत. तिथे बर्फाच्या शेडमध्ये एक ओळखीचा माणूस होता. तो लादीवर गोणपाट टाकून देई.

"बसा हितं, दादा. बूड गार झालं की उठा."

दादा लिलाव संपेपर्यंत तिथे बसे. पायाशी फुटक्या बर्फाचा ढीग असे. त्यात तो पाय खुपसून ठेवी. परतीच्या चढावर तो माझ्या पुढे चाले. चप्पल घासत नसे. वळणावर माझी गरज लागत नसे. चढण उतरणीपेक्षा सोपी, असे आम्ही धरून चाललो होतो. मग एके दिवशी बर्फाची गाडी आलीच नाही. शेड कोरडी होती. त्या दिवशी तीच चढण चढताना दादाला वळणाच्या आधीच गडग्यावर टेकावे लागले. त्याने आपल्या पायांकडे बघितले, मग खाली बर्फाच्या शेडच्या दिशेने.

"अरे," तो म्हणाला, "ही तुझी वहिनी मला रोज उकडून पाठवते."

घरी मोठीच बोलाचाली झाली.

"उद्यापासून गार पाणी," दादाने जाहीर केले.

"आजारी माणूस आणि गार पाणी? लोक मला काय म्हणतील?"

"लोक न्हाणीत येत नाहीत."

"आणि मी पाला कुणासाठी तोडते? बकरीसाठी?"

"बकरी सरळ चालते. तिला नको."

वहिनीला हसू आले, पण तिने ते दाबले आणि अट घातली. एक दिवस विहिरीचे पाणी. ती स्वतः बरोबर येणार. माझा खांदा चालणार नाही. पडला तर बंदर कायमचे बंद आणि त्यावर पुन्हा चर्चा नाही. दादा कबूल झाला. रात्रभर आम्हा दोघांपैकी त्यालाच झोप लागली.

सकाळी न्हाणीतून पहिल्या तांब्याबरोबर जी आरोळी आली, ती ऐकून शेजारचे काका धोतर सावरत धावत आले. दुसऱ्या तांब्याला ते परत गेले.

मग पाखाडी. दादा पुढे, मागे वहिनी, तिच्या मागे मी. डावा पाय बाहेरून फिरत होताच, पण टेकत होता नेमका. वळण आले आणि नेमके तेव्हाच गडग्यापलीकडून कुणीतरी विचारले, "काय, सगळेच कुठे चाललात?" दादा थांबला. त्याने मान वर केली. आपण बंदरावर चाललो आहोत, आज सौभाग्यवतीही आहेत, बांगडा चांगला असावा असा अंदाज आहे, असे सगळे सांगितले. वहिनीने तोंडात पदर धरला होता. उत्तर संपवून त्याने नजर खाली आणली, पाय उचलला आणि वळला. पडला नाही.

बंदरावर बर्फवाल्याने आमचे स्वागत केले. "आज वैनी पन आल्या? दादा, लादी काढून ठेवलीय. आनि मांदेली तळाया टाकू ना, रोजच्यासारखी?"

वहिनी दादाकडे वळली.

"रोजच्यासारखी," वहिनी म्हणाली.

मी भाव विचारायला निघून गेलो. परत आलो तेव्हा निकाल लागलेला होता.

"गार पाणी तुमचं," ती सांगत होती. "बंदरही तुमचं. पण मी रोज येणार."

"कशाला? मी पडलो नाही ना?"

"म्हणूनच. पडला असतात तर घरात डोळ्यांसमोर राहिला असतात."

त्याप्रमाणे ती येऊ लागली. मांदेली बंद झाली, नंतर वहिनीच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा सुरू झाली. निगडी तोडायची थांबली, वळणावरचा नारळ मात्र चालू राहिला. दादाच्या चालीचे श्रेय ती गार पाण्याच्या बादलीला पूर्णपणे द्यायला तयार नव्हती. आजार आपल्या गतीने पुढे जात होता, हे आम्हा तिघांना माहीत होते. गार पाण्याने सकाळ सुधारत होती, आजार नव्हे.

पावसाळा संपून पुन्हा होड्या निघाल्या, त्या सुमाराची गोष्ट. धक्का सपाट, पाय चांगले. दादाने चालता चालता एका मोठ्या सुरमईकडे बोट दाखवले आणि मला काहीतरी सांगायला तोंड उघडले. दोन कामे एकदम झाली. तो मासळीच्या पाण्यात दाणकन खाली आला. आसपासच्या सगळ्यांनी वळून पाहिले. दादाने कुणाकडेच पाहिले नाही, फक्त वहिनीकडे. अट तिची होती आणि ती कुठेही मागे घेतलेली नव्हती.

वहिनीने हातातली पिशवी खाली ठेवली. साडी सावरली. त्याच्या शेजारी त्याच ओल्यात बसकण मारली.

"चांगली जागा बघितलीत," ती म्हणाली. "इथून लिलाव नीट दिसतो."