बाजूच्या सीटवरचे भाऊ

माझ्या स्कूटरवर मागे बसले तरी भाऊंचा उजवा पाय ब्रेक दाबायचा. समोर कुत्रं आलं की पाय दण्णकन खाली. वर माझ्या कानात, "ब्रेक मार ना गा!" असं ओरडायचे ते वेगळंच.

सिंदी मेघेत त्यांची-आमची भिंतीला भिंत. त्यांचं शेत आंजीला. तिथली वांगी, मेथी आपल्या छोट्या टेम्पोत घालून ते वर्ध्याच्या बाजारात आणत. जन्मभर सपाट रस्ता आणि जन्मभर स्टिअरिंग स्वतःच्या हातात. दुसऱ्याच्या बाजूला बसणं म्हणजे त्यांना शिक्षाच. तुम्हीही पाहिला असेल असा एखादा. लग्नाच्या गाडीत ड्रायव्हरला शिकवणारा मामा प्रत्येक घरात असतो.

वहिनी गेल्यावर न्यूझीलंडला राहणाऱ्या एकुलत्या एक पोरीनं त्यांना तिकडे फिरायला बोलावलं. निघण्याआधी भाऊ केळझरच्या गणपतीला जाऊन नारळ घेऊन आले. नवी गाडी, नवा रस्ता म्हटलं की चाकासमोर नारळ फुटल्याशिवाय आमच्याकडे गाडी हलत नाही. मी म्हटलं, "भाऊ, तिकडे असलं काही आत नेऊ देत नाहीत."

"देवाचं हाय ना ते! मी सांगतो त्याइले समजावून."

तिकडच्या विमानतळावर त्यांनी खरंच समजावून सांगितलं. वऱ्हाडीत! तिथल्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि नारळ डब्यात टाकला. "हसून टाकला गा," भाऊ सांगायचे, "चिडली असती तं भांडलो असतो."

मग पुढची सगळी सफर बिननारळाची. एकीकडे कडा, एकीकडे निळंहिरवं तळं, वर डोंगरावर बर्फ. पोरगी गाडी चालवतेय आणि भाऊ बाजूला बसून पायाखालचं मॅट दाबताहेत. तिनं त्यांना जंगलातून चालवलं, होडीत बसवलं. आणि एका पुलावर पायाला दोर बांधून स्वतः खाली नदीकडे उडी मारली. "माह्या डोयासमोर! अन् मी वर उभा. काय करू? देवाचं नाव घ्यावं तं देव कचऱ्याच्या डब्यात!"

आम्ही पोट धरून हसायचो. हसता हसता भाऊ मधेच म्हणायचे, "पाह्यलं नसतं तं बरं होतं. आता ती गाडी घेऊन निघाली म्हटलं का मले तो रस्ता दिसते." मी चहा घ्या म्हणायचो.

मागच्या उन्हाळ्यात भाऊंना लकवा मारला. वाचाच गेली. पोरगी धावत आली, महिनाभर राहिली. मग रजा संपली आणि तिला परत जावं लागलं. दोष कोणाला द्यायचा, सांगा! आंजीहून पुतण्या येऊन राहिला, तो सगळं करायचा. मी सकाळ-संध्याकाळ नुसता जाऊन बसायचो.

एका सकाळी पोरीचा व्हिडिओ कॉल आला. फोन मी धरला होता. तिनं रस्त्याकडेला गाडी थांबवून तेच तळं दाखवलं. "बाबा, ओळखलं का?"

भाऊ बोलायला धडपडले. तोंडून नुसता घोगरा आवाज. मी म्हटलं, "हळू चालव म्हणताहेत." त्यांनी मान हलवली. नाही. "जेवली का, विचारताहेत." नाही! माझ्यावर असे चिडले की विचारू नका. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊ, तिले घरी ये म्हणता का?"

ते थांबले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. फोनमधून पोरगी म्हणाली, "निघते, बाबा."

आणि निघालीही हो, त्याच आठवड्यात. पण ती विमानात असतानाच भाऊ गेले.

अंगणात माणसं जमली. "किती वेळ ठेवाचं आता?" कोणी ना कोणी विचारायचं. पुतण्या माझ्याकडे पाहायचा, मी रस्त्याकडे. नागपूरहून गाडी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पोरगी चप्पल न काढताच आत आली, त्यांच्याजवळ बसली, हात हातात घेतला.

"बाबा, आली ना मी. आता तरी बोला."