जंतांची भावकी

सुट्टी पडली की पुण्याच्या कॉलेजातले एक मास्तर दौंडहून छोट्या रेल्वेनं बारामतीला यायचे आणि थेट माझ्या मटणाच्या दुकानात. मटण कधी घेतलं नाही. कोंबड्यांची आतडी मात्र बाटलीत घालून प्रसादासारखी जपून न्यायचे. त्यातले फितीसारखे जंत तपासून कुणाचं कुळ कोणतं ते ठरवायचे.

“आबा, हे कन्हेरी गावच्या कोंबडीतले, हे सुप्याच्या. सख्खे भाऊ!” हे वर्षभर ऐकत होतो.

एकदा ते बारीक बघायचं पितळी यंत्रच दुकानात घेऊन आले. मी सुप्याची कोंबडी कापली, त्यांनी ताजा जंत काचेवर ठेवला आणि यंत्राला डोळा लावला. जंताच्या डोक्यावर नाजूक आकड्यांचं कडं होतं. पुण्याला पोचेपर्यंत ते गळून जायचं, म्हणून तो कन्हेरीच्या बिनकड्याच्या जंतासारखाच दिसायचा.

“आबा, हे भाऊ नव्हेतच! माझं वर्षभराचं सगळं चुकलं.”

“मग आता वो, मास्तर?”

ते तरातरा निघून गेले. मला वाटलं, बिनसलं. थोड्या वेळानं बघतो तर पेढ्यांचा पुडा घेऊन, “चूक सापडली!” म्हणत बाजारभर वाटत येतायत.

आमच्याकडं भावकी फुटली की कुऱ्हाडी निघतात. या माणसानं पेढे काढले.