बावीस वर्षांचा अनिकेत

चॅनल बंद पडलं की माणसं दुसरीकडे चिकटतात, किस्से मात्र बेकार हिंडत राहतात. आमचे तर लग्नाच्या पंगतीतही गाठतात. भेटलेला प्रत्येक जण "तो अनिकेतचा सांग ना" म्हणतो. मी तेव्हाही दमलेला होतो, आता तर सांगायचाही कंटाळा येतो. पण तुम्ही विचारलंत, तर ऐका.

कोथरूडमध्ये पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. दारावर बोर्ड, 'तरुणाईचं हक्काचं चॅनल'. खाली बारावीच्या केमिस्ट्रीचा क्लास. म्हणजे बिल्डिंगमधली सगळी तरुणाई खालच्या मजल्यावर, आणि तिला टीव्ही बघायला वेळ नव्हता.

माझं काम दुपारी तीनच्या लाइव्ह कार्यक्रमात प्रेक्षकांचे फोन घ्यायचं. नाव आणि वय विचारायचं, मग लाइन स्टुडिओत द्यायची. आमच्या नितीनसरांचा नियम एकच: पंचविशीच्या वरचं कुणी ऑन एअर जाता कामा नये. नितीनसर स्वतः चौपन्न वर्षांचे.

कार्यक्रम करायची केतकी, सोलापूरची पोरगी. तिचे आधीचे दोन कार्यक्रम बंद पडले होते. घरच्यांनी सांगून ठेवलेलं, हा तिसरा बंद पडला की निमूट घरी यायचं, स्थळ बघून ठेवलंय. त्यामुळे फोन वाजला नाही की ती काचेतून माझ्याकडे बघायची. मला ते बघवायचं नाही.

*

एकदा सरांनी आम्हाला हिंजवडीला पाठवलं, तरुणांना काय आवडतं ते विचारायला. कंपनीच्या बसच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "चॅनल छानच असेल हो. पण ते घरी दिसतं ना? मी घरी कुठे असते?"

सरांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'प्रतिसाद उत्साहवर्धक.' मी वाद घातला नाही. उन्हात चार तास उभं राहून वाद घालायचं त्राण कुणात असतं?

*

फोन येईनात, तेव्हा आम्हीच आम्हाला फोन करायला लागलो. आमचे मेकअपमन शेखभाई पन्नाशीचे, पण आवाज कॉलेजकुमाराचा. मेकअप रूममधून ते रोज फोन लावायचे, "हाय केतकी, हिंजवडीहून रोहन बोलतोय."

एक दिवस खालच्या क्लासमध्ये सामूहिक पाठांतर सुरू झालं. "हायड्रोजन, हेलियम, लिथियम..." हे जमिनीतून स्टुडिओत आलं, आणि रोहनच्या फोनमधूनही आलं.

पुढचा फोन कोथरूडच्या लेलेबाईंचा. म्हणाल्या, "त्या रोहनला विचारा, हिंजवडीत आणि तुमच्याकडे लिथियम एकाच वेळी कसं आलं?"

मी वय विचारलं. अडुसष्ट. म्हटलं, माफ करा, कार्यक्रम तरुणांचा आहे. बाई शांतपणे म्हणाल्या, असू दे, पण त्या मुलीला सांगा, पोक काढून बसत जाऊ नकोस. मी निरोप दिला. त्या दिवसापासून केतकी ताठ बसायला लागली.

*

खरे फोन यायचे ते सगळे असेच. दुपारी तीनला घरी असतं कोण? रिटायर्ड माणसं! त्यांना "नाही, नाही" म्हणून माझा घसा बसायचा. वाईटही वाटायचं. आपली आई फोन करून कुणाचं तरी "नाही" ऐकतेय, असं काहीतरी.

मग एका दुपारी शेखभाई लग्नाला गेलेले, आणि फोन एकही नाही. केतकी काचेतून बघतेय. तेवढ्यात वाजला.

"अनिकेत. शनिवार पेठ. वय बावीस."

मागून खोकला आला. आवाज पंचाहत्तरीचा तरी होता. मी डोळे मिटले आणि लाइन दिली.

केतकीने त्याला एका मुलीचं पत्र वाचून दाखवलं, मित्र मेसेजला उत्तर देत नाही म्हणून जेवण जात नाही, असं. अनिकेत म्हणाला, "दोन दिवस वाट पाहावी. तिसऱ्या दिवशी पोटभर जेवून घ्यावं. उत्तर न देणारा जेवतच असतो."

तेव्हापासून अनिकेत रोज. केतकीच्या तोंडून त्याला 'तू' निघेना आणि 'तुम्ही' म्हणायची सोय नव्हती. चार महिने तिने त्याला दोन्ही न म्हणता निभावलं.

*

मग मुंबईच्या हेडऑफिसमधून मॅडम आल्या, कार्यक्रम ठेवायचा की नाही ते ठरवायला. म्हणाल्या, उद्या एक खरा तरुण प्रेक्षक मला स्टुडिओत दाखवा. तो रोजचा अनिकेत चालेल.

मी अनिकेतला फोन लावला. अडखळत विचारलं, आजोबा, एखादा नातू वगैरे आहे का, उद्यापुरता?

"आहे. कॅनडात," ते म्हणाले. "पण तो माझाच फोन उचलत नाही, तुमचा काय उचलणार?"

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला ते स्वतःच जिना चढून आले. पांढरा शर्ट, हातात छत्री. मी नितीनसरांकडे पाहिलं, सर खिडकीबाहेर पाहत होते. मॅडम माझ्या शेजारी काचेमागे बसलेल्या. केतकी पांढरीफटक, पण ताठ बसलेली. शेखभाईंनी आजोबांना पावडर लावली आणि पुटपुटले, अल्ला मालिक.

तीन वाजले. केतकीने माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "नाव आणि वय?"

आजोबांनी कॅमेऱ्यात पाहिलं. "अनिकेत. बावीस. इथे पंचविशीच्या वर चालत नाही."

मॅडम माझ्याकडे वळल्या. त्या तोंड उघडणार तोच समोरच्या फोनच्या पाचही लाइन एकदम वाजायला लागल्या. चॅनल सुरू झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. मी पहिली उचलली. आवाज ओळखीचा होता.

"लिहून घ्या, प्रियांका. कोथरूड. वय एकवीस," लेलेबाई म्हणाल्या. "आणि जरा लवकर घ्या हो, चारला मला गुडघ्यांचे व्यायाम असतात."