मराठी : बंद

ताईची नजर अधू झाल्यापासून तिला वाचून दाखवणारा प्रोग्रॅम मी शोधत होते. एक चांगला सापडला, पण तयार मिळणारा मराठी बोलत नव्हता. म्हणून मी त्याचा मूळ कोड उतरवून घेतला आणि घरच्या कॉम्प्युटरवर स्वतःच त्यातून प्रोग्रॅम तयार करायला बसले. आधी त्यात कोणते पर्याय आहेत ते कॉम्प्युटरला विचारलं, तर पडदाभर ओळी आल्या. त्यांत एक होती – मराठी : बंद.

कुणी केली असेल बंद? रागाने नव्हे, बहुतेकांना लागत नाही, एवढ्याच विचाराने. पण त्या बहुतेकांत आपलं माणूस नसलं की जीव कसा कासावीस होतो!

मी ‘बंद’चं ‘चालू’ केलं. पडद्यावरून ओळी धावू लागल्या. मी उठले, गॅलरीत गेले, परत आले. मध्येच सगळं थांबलं. मराठी आवाजाची फाईल कुठे आहे ते सांगायचं राहिलं होतं. ते सांगून पुन्हा सुरू केलं.

“होतंय का गं?” ताईने विचारलं.

“थांब ना जरा!” मी खेकसलेच.

अखेर प्रोग्रॅम बोलला. सकाळच्या पेपरातली बातमी, अडखळत, ‘ळ’ चुकवत. मी दुरुस्तीला पुढे सरकले, तशी ताईने हात वर केला.

“तू जा आता. मी वाचतेय.”