ड्यूटीची सायकल

"ड्यूटी सायकल म्हणजे काय?" मी वर्गात विचारलं, तर एका विद्यार्थिनीने खिडकीबाहेर उभ्या असलेल्या आपल्या सायकलकडे बोट दाखवलं. "तेच ना जी मॅडम? तिच्यावरच तर ड्यूटीले जातो मी." वर्ग खो खो हसला. मीही हसले, आणि नंतर माझी मलाच लाज वाटली.

तिरोड्याला विजेच्या प्लँटच्या गेटवर ती सिक्युरिटीत होती. पस्तिशीची, दोन मुलींची आई. आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला एकदा नापास झालेली. या वेळी पास झाली तर आत, मीटर दुरुस्तीच्या खोलीत काम मिळणार होतं. नाहीतर जन्मभर गेटवर उभं राहणं होतंच.

"अगं, चोवीस तासांतले आठ तास तू ड्यूटीवर. म्हणजे तेहतीस टक्के," मी समजावलं. "विजेच्या लाटेचंही तसंच. एका फेरीत जितका वेळ वर राहिली, तितकी तिची ड्यूटी. तुझी फेरी दिवसाला एक, हिच्या सेकंदाला लाख."

"अरे बापा! अन् थकत नाही ते?"

परीक्षेत तिला नेमकं तेच आलं: टायमरची आयसी लावून सेकंदाला लाख फेऱ्यांची चौकोनी लाट काढा, ड्यूटी तेहतीस टक्के. तिने जोडणी केली, स्विच दाबला. लाट दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर रेघ वरच चिकटलेली, मध्ये मध्ये केसाएवढी खाच. वीज एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड उलटा लागला होता, मला लांबूनच दिसत होतं. हात शिवशिवत होते, पण बोलायची सोय नव्हती.

"हे काय केलंत, बाई?" परीक्षकांनी विचारलं.

ती रेघेकडे बघत राहिली. "हे तर उतरूनच नाही राहिली, सर. तीनही शिफ्ट हिच्यावरच." मग एकदम वाकली, "डायोड उलटा लागला जी," म्हणाली, आणि उपटून फिरवून बसवला. लाट उतरली. एक भाग वर, दोन भाग खाली. परीक्षक पहिल्यांदाच हसले आणि त्यांनी 'पास' लिहिलं.

मला तर रडूच आलं. तिला सायकलपर्यंत सोडायला गेले. "आता घरी जाऊन मस्त आराम कर," मी म्हटलं.

"आराम?" तिने स्टँड काढला. "घरचा डायोड कोण फिरवून देईन, मॅडम?"

माझाही भात टाकायचा राहिला होता.