नुसता फ्लॅश

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती जाईपर्यंत नाही सांगितलं. आज तुम्हांला सांगतोय, आणि सांगतानाही कान मोबाइलकडे आहेत — वाजला तर?

नांदेडला माझा फोटो स्टुडिओ होता. आता तिथं मुलगा झेरॉक्स काढतो. माझ्याकडे उरलेत ते कॅमेऱ्यांचे जुने कॅटलॉग. मुंबईचा एक दुकानदार पोस्टानं पाठवायचा. गुळगुळीत कागद, एका पानावर एक कॅमेरा, खाली किंमत. ती वाचली की तोंडचं पाणी पळायचं. एका जपानी कॅमेऱ्यात चांगली बैलजोडी आली असती, वर गाडी. तरी मी रोज तेच पान उघडायचो. वेड होतं, दुसरं काय?

मागच्या वर्षी लातूरच्या एका फोटोग्राफरनं या कॅटलॉगांचा व्हिडिओ केला. मी ऐसपैस बसून बोललो — तेव्हा कॅमेरा घेणं म्हणजे काय होतं, पैसा कसा जोडला वगैरे. लोकांना फार आवडलं. पैसा कसा जोडला, हे मात्र मी खरं सांगितलं नाही.

फिल्मचे रोल वाचवून जोडला. लग्नात अख्खं गाव स्टेजवर चढतं. प्रत्येकाला नवरा-नवरीबरोबर फोटो हवा. फ्लॅशच्या मागं एक छोटं बटण असायचं. ते दाबलं की नुसता उजेड पडायचा, कॅमेऱ्यात काहीच उतरायचं नाही. माणूस खूश होऊन खाली उतरायचा. तेव्हा सगळेच करायचे — नाही, हे राहू द्या. मी करायचो. फोटो कुणाला आणि नुसता उजेड कुणाला, हे मी कपडे पाहून ठरवायचो.

हदगावच्या एका लग्नात, मांडव रिकामा होत आल्यावर, एक म्हातारा वर आला. शर्टावर बुंदीचा पाक, बाह्या दुमडलेल्या. मला वाटलं, आचाऱ्याचा गडी असेल. तो नवरीशेजारी उभा राहिला. हात कुठं ठेवावा हे त्याला कळेना. मी ते बटण दाबलं. उजेडानं त्याचे डोळे मिटले, आणि तो हसला.

तो नवरीचा बाप होता. कन्यादान काका-काकूंनी केलं होतं; हा दिवसभर पंगतीत वाढत होता, म्हणून शेवटी आला.

हे मला कळलं ते नवरी, म्हणजे शांताबाई, अल्बम न्यायला आली तेव्हा. लग्नानंतर थोड्याच दिवसांत बाप वारला होता. त्याचा दुसरा फोटो कुठंच नव्हता. मी म्हणालो, नेमका शेवटचा रोल धुताना खराब झाला. ती म्हणाली, "असू द्या भाऊ, तुमचा काय दोष?" मला हायसं वाटलं. लाज नाही वाटली — हायसं वाटलं.

त्यानंतर इतकी वर्षं गेली. आणि तो व्हिडिओ पाहून शांताबाई माझ्या दारात उभी.

"भाऊ, तो खराब झालेला रोल ठिवला का हो? कसाबी असू द्या. माझी नात म्हणून राहिली की कॉम्प्युटरवर निघतंय सगळं."

सांगायची वेळ हीच आहे, हे कळत होतं मला. कळून काय केलं? आत गेलो. जुन्या डब्यातून कुठल्यातरी लग्नाची, उजेड लागून काळी पडलेली निगेटिव्हची पट्टी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. तिनं ती कपाळाला लावली. पदराच्या गाठीत बांधली.

तेव्हापासून मी फोनला घाबरतो. त्या पट्टीत नवरी दुसरीच निघाली तर? मांडव दुसराच दिसला तर? मुलाच्या दुकानात येऊन ती चारचौघांत विचारेल का? रात्रीच नाही, भरदुपारीसुद्धा दचकतो मी.

परवा फोन आला.

"भाऊ, नातीनं लई खटपट केली. एक माणूस दिसून राहिला. तोंड नीट न्हाई, पण उभा हाय. बाबाच हायत ना?"

कोण असेल तो? कुणाचा मामा, एखादा वाजंत्रीवाला? मला माहीत नाही.

मी म्हणालो, "हाव, तेच."

आता तो फोटो मोठा करून ती भिंतीवर लावणार आहे. पहिला हार तुम्हीच घाला, म्हणाली. मी येतो म्हणालो.